शांत घर हवे

माझ्याविषयी चारचौघांत दोनदाच काही चांगलं बोललं गेलं आहे. पहिल्यांदा मी वाचनालयातून निवृत्त झालो तेव्हा. निरोप समारंभात अध्यक्ष म्हणाले, "छत्तीस वर्षं हे ग्रंथपाल इथे होते, पण ते आहेत हे आम्हाला कधी जाणवलंसुद्धा नाही." टाळ्या झाल्या. त्या वाक्याचा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले आणि शेवटी ती स्तुतीच असावी असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्यांदा एका मांजरीच्या अर्जावर. तिथे एका अनोळखी बाईंनी माझ्या नावापुढे निळ्या शाईत लिहिलं, 'अतिशय शांत'. पुढे आमच्या इमारतीत जे काही झालं ते या दोन शब्दांमुळे झालं.

मांजर आणायची कल्पना आमच्या हिची. ही बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिसरीच्या वर्गात ती पाढे घ्यायला लागली की भिंतीपलीकडच्या चौथीची आपोआप उजळणी व्हायची. निवृत्तीनंतर तिचा आवाज होता तेवढाच राहिला, वर्ग मात्र एका माणसाचा झाला.

"या घरात बोलणारी मी एकटी," ती एका सकाळी म्हणाली. "निदान ऐकणारं तरी आणखी कोणीतरी आणू या."

"मी ऐकतो की."

"तुम्ही ऐकता का वाचता, ते मला अजून कळलेलं नाही."

म्हणून आम्ही टाकलेल्या मांजरांच्या निवाऱ्यात गेलो. तिथल्या व्यवस्थापिकाबाईंनी हातात बेचाळीस प्रश्नांचा अर्ज ठेवला. माणसाला लेखी प्रश्न विचारला की त्याने विचार करून उत्तर द्यावं अशी माझी समजूत आहे. 'खिडक्यांना जाळ्या आहेत का?' यापुढे मी लिहिलं, 'आहेत, परंतु एकीचा कोपरा सुटला आहे. सुतार येतो म्हणाला आहे, तथापि त्याच्या शब्दाची हमी मी देऊ शकत नाही.' 'मांजराची आयुष्यभर काळजी घ्याल का?' यापुढे लिहिलं, 'कोणाच्या आयुष्यभर, हे स्पष्ट व्हावे. माझे वय एकाहत्तर आहे.' आणि सतराव्या प्रश्नापुढे, 'दिवसभर घरात कोणी आहे का?', बराच वेळ थांबून लिहिलं, 'बहुधा.'

बाईंनी चष्मा वर सरकवला. "बहुधा म्हणजे?"

"म्हणजे मी असतो," मी म्हणालो, "पण माझं असणं तुमच्या हिशेबात कितपत धरायचं..."

"आजोबा, हो किंवा नाही लिहायचं असतं."

"ते असंच लिहितात," ही म्हणाली. "किराण्याच्या यादीतसुद्धा 'शक्य झाल्यास साखर' असं असतं."

हे ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. शेजारच्या पिंजऱ्यातली दोन मांजरं घोंगडीखाली गेली. बाईंनी अठ्ठाविसाव्या प्रश्नावर बोट ठेवलं, 'घरात मोठ्याने बोलणारे कोणी आहे का?', आणि हिच्याकडे पाहिलं. हिने क्षणाचाही विलंब न लावता मला पुढे ढकललं. "यांच्याकडे बघा ना! आमच्या घराची सरासरी काढा."

बाईंनी मला दोन-चार प्रश्न विचारले. मी मान हलवली. तेव्हाच ते निळे शब्द लिहिले गेले. मग त्या आम्हाला अगदी टोकाच्या पिंजऱ्याकडे घेऊन गेल्या.

तिथे भिंतीकडे तोंड करून एक करडी मांजरी बसली होती. एका कानाचं टोक फाटलेलं. बाहेर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'मखमल. वय चार. संवेदनशील. शांत घर हवे.' मी त्या पुठ्ठ्यासमोर उभाच राहिलो. आयुष्यभर मी जाहिराती वाचल्या त्यांत सगळ्यांना धडाडीचा, बोलका, पुढाकार घेणारा माणूस हवा असायचा. माझ्यासारखा माणूस कोणाला हवा आहे असं लेखी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"हिला दोन घरांनी परत आणून सोडलंय," बाई म्हणाल्या. "लपून बसते, खात नाही, माणूस दिसला की पळते. तीस दिवस देते मी. मध्ये एकदा न सांगता येईन आणि तिसाव्या दिवशी शेवटचं बघून जाईन. त्या दिवशी ही बाहेर, मोकळ्यात, तुमच्याजवळ दिसली पाहिजे. नाही दिसली तर मी घेऊन जाणार."

"आणि मग?" मी विचारलं.

"तिसऱ्यांदा परत आलेलं मांजर आम्ही पुन्हा कोणाला देत नाही. मागे एक खोली आहे. तिथे ठेवतो. कायमचं."

मखमल भिंतीकडेच बघत होती. पाठमोरी असूनही ती सगळं ऐकत असावी, कारण तिचा फाटका कान आमच्याकडे वळलेला होता. मी सही केली. आयुष्यात इतक्या कमी विचारात मी फक्त आणखी एकदा सही केली आहे, आणि त्या सहीला आता सेहेचाळीस वर्षं झाली.

घरी टोपलीचं झाकण उघडताच एक करडी रेघ बैठकीच्या खोलीतून गेली आणि पुस्तकांच्या कपाटात सर्वांत खालच्या खणात, ज्ञानकोशाच्या मागे, दिसेनाशी झाली. पुस्तकं आणि भिंत यांच्यामध्ये तिथे वीतभर फट आहे. ती फट भरून काढायची माझी अकरा वर्षांपासूनची इच्छा होती. नाही भरली तेच बरं झालं.

मी कामाला लागलो. 'शांत घर हवे' या तीन शब्दांवर इतकं मन लावून काम दुसऱ्या कोणी केलं नसेल. खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी कापडाच्या चकत्या चिकटवल्या. सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवून ट्रंकेत ठेवलं. दाराची घंटा तोडून टाकली आणि जिन्यातला आवाज आत येऊ नये म्हणून दाराला आतून जुनी गादी ठोकली. फोनचा आवाज इतका कमी केला की तो वाजतो आहे हे बघायला त्याच्याकडे बघत बसावं लागे. हिला कुजबुजत बोलायला सांगितलं. हिची पहिली कुजबुज ऐकून खालच्या मजल्यावरचे बेलीफ वर येऊन विचारून गेले, काही वाईट बातमी आहे का.

हे बेलीफ म्हणजे कोर्टाचे निवृत्त बेलीफ. सबंध आयुष्य लोकांच्या दारात नको असलेले कागद पोचवण्यात गेल्यामुळे कुठल्याही दारातून आपलं स्वागत होईल ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली आहे, आणि म्हणून ते कुठेही अगदी मोकळेपणाने जातात. मला या गोष्टीचा नेहमी हेवा वाटत आला आहे.

राहिली आमच्या वरची शिंपीणबाई. तिचं शिलाई यंत्र नेमकं ज्ञानकोशाच्या डोक्यावर चालतं. तिला विनंती करणं भाग होतं. मी वर गेलो आणि तिच्या दारात उभा राहिलो. दार वाजवावं तर ती कामात असणार. परत जावं तर आलो कशाला. वाक्याची सुरुवात कशी करावी याची मनाशी जुळवाजुळव करत मी दहाएक मिनिटं उभा असेन. इतक्यात चिंध्यांची बादली घेऊन तिने दार उघडलं, समोर मला पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की इमारतीतली सगळी दारं उघडली.

"काका! अहो, असं भुतासारखं उभं राहतात का कोणी?"

"त्रास द्यायचा नव्हता," मी म्हणालो.

चिंध्या जिनाभर झाल्या होत्या. त्या गोळा करताना मी मांजराचं सांगितलं. बाई मनाची मोठी. तिने यंत्राखाली रजई घालायचं आणि सकाळी यंत्र बंद ठेवायचं कबूल केलं. त्यामुळे एका शाळेचे गणवेश उशिरा जाणार होते. हे ऐकून मला इतका संकोच वाटला की मी नको म्हणालो. मग ती म्हणाली, आता तर मी ठेवणारच.

तोपर्यंत दारात जमलेल्या मंडळींना सगळी हकीकत कळली होती. आमच्या इमारतीच्या सचिवांना बऱ्याच दिवसांत सूचना लावायला कारण मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर सूचना आली : 'दुसऱ्या मजल्यावर संवेदनशील मांजर आहे. रहिवाशांनी शांतता पाळावी.' लोकांनी ती पाळली, हे मला कबूल केलं पाहिजे. माणसं आमच्या मजल्यावरून चपला हातात घेऊन जाऊ लागली. मुलांनी खेळ मागच्या गल्लीत नेला. रोज कोणी ना कोणी मला जिन्यात गाठून हलक्या आवाजात विचारायचं, "काय, बाहेर आली का?" रुग्णाची चौकशी करावी तसं. मी मान हलवायचो. छत्तीस वर्षं या गावाला पुस्तकं दिली तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं. आता मी 'मांजरवाले' झालो होतो.

आणि मखमल दिवसेंदिवस बिघडत चालली होती. मी खोलीत पाऊल टाकलं की ज्ञानकोशामागून फूत्कार यायचा. चुकून ती बाहेर सापडलीच तर माझ्या दर्शनाने तिच्या अंगावरचा केस न केस उभा राहायचा आणि ती वाटेतलं सगळं पाडत पळायची. मी आणखी हलकी पावलं टाकायला लागलो. मग घरातही फक्त पायमोजे घालून वावरायला लागलो. तिची भीती आणखी वाढली.

अठराव्या दिवशी दुपारी पुस्तक वाचता वाचता पाणी प्यायला मी स्वयंपाकघराच्या दाराशी आलो. ही फोनवर बहिणीशी बोलत होती. कुजबुजायचं ती केव्हाच विसरली होती. तिच्या पुतणसुनेने नवा सोफा कुठे ठेवला यावरून ती संतापली होती, आणि तो सोफा जिथे ठेवला होता तिथपर्यंत फोनशिवायही आवाज गेला असता. आणि हिच्या पावलांवर, दोन्ही पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, मखमल झोपली होती.

मी उभा राहून बघत राहिलो. मग तिने डोळे उघडले, मला पाहिलं आणि बरणीवरून उडी मारून गेली. बरणी फुटली. ही वळली आणि दचकून तिच्या हातातून फोनही पडला.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून," ही अपराधी चेहऱ्याने म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुम्ही एवढ्या चकत्या चिकटवल्या होत्यात."

त्या दिवशी मी पुस्तकाचं एक पान पाच वेळा वाचलं. माणसाला स्वतःविषयी शंका असतातच, मला तर जरा जास्तच आहेत. पण त्यांच्यावर एका मुक्या जिवाने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या अनुभवावरून, शिक्कामोर्तब करावं हे वेगळं. ओरडणाऱ्या बाईच्या पायावर ती झोपत होती आणि तिच्यासाठी श्वाससुद्धा जपून घेणाऱ्या माझ्यापासून जीव घेऊन पळत होती. माझ्यात असं काहीतरी असलं पाहिजे जे माणसांना दिसत नाही आणि मांजरांना दिसतं, असं मला वाटू लागलं. माणसांना का दिसलं नव्हतं याचं कारणही सोपं होतं. माणसांनी माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलंच नव्हतं.

चोविसाव्या दिवशी जिन्यात कोणीतरी घसा फोडून खोकलं. मग हाक आली, "अहो ग्रंथपाल! कागद आहे तुमच्या नावाचा! घ्यावाच लागेल!"

बेलीफ होते. पोस्टमन आमच्या दाराशी दोनदा येऊन गेला होता. घंटा नाही, दाराला गादी, त्यामुळे त्याचं वाजवणं आम्हाला कळलंच नव्हतं. शेवटी तो पत्र खाली देऊन गेला. निवृत्त झाल्यापासून प्रथमच बेलीफांच्या हाताला नोटीस लागली होती. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

पत्र निवाऱ्याचं होतं. 'पंधराव्या दिवशी भेटीस आलो असता वारंवार दार ठोठावूनही उघडण्यात आले नाही. फोनही उचलला गेला नाही. तिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता अंतिम भेट होईल. मांजर मोकळ्या जागेत व घरच्या माणसाजवळ न आढळल्यास परत नेण्यात येईल.'

बाई पंधराव्या दिवशी आल्या होत्या. आम्ही दोघं आत होतो. बहुधा गादीच्या या बाजूला मी हिला 'हळू' म्हणून खुणावत होतो.

"बसा," मी बेलीफांना म्हणालो आणि पाणी आणायला आत गेलो. त्यांनी खुर्ची ओढली, काठी जमिनीवर आपटली, हुश्श केलं, नाक शिंकरलं आणि हिला त्यांच्या नोकरीतली एक जुनी भानगड सांगायला लागले. मी पेला घेऊन परत आलो तर मखमल बैठकीच्या मधोमध उभी राहून त्यांच्या काठीचं टोक हुंगत होती. पाच मिनिटांत! मी एक पाऊल पुढे टाकलं. मखमल पडद्यावर चढली. आणि बेलीफांनी, "अरे देवा!" करत काठी उगारली. पेला माझ्या हातून त्यांच्या मांडीवर सांडला.

"ग्रंथपाल," ते कपडे झटकत म्हणाले, "राग मानू नका, पण तुम्ही केव्हा येता आणि केव्हा उभे राहता हे कळतच नाही हो. परवा जिन्यात वळून बघतो तर तुम्ही मागे! काळजाचं पाणी झालं माझ्या."

"मी कोणाला त्रास होऊ नये म्हणून..."

"तोच तर त्रास आहे! अहो, एकतीस वर्षं मी लपलेल्या माणसांच्या दारात गेलो. नवीन होतो तेव्हा गुपचूप जायचो. एकाने डोक्यात वरवंटा घातला. ही बघा खूण. तेव्हापासून मी खालच्या पायरीपासून खोकत जायचो. लपलेल्याला तुमची भीती नसते. तुम्ही कुठे आहात हे न कळण्याची असते. एकदा कळलं की तो आतल्या आत हिशेब करतो, आणि बऱ्याचदा स्वतःच दार उघडतो."

मी हिच्याकडे पाहिलं. ही पडद्याकडे बघत होती.

"तुलाही तसंच वाटतं?"

"सेहेचाळीस वर्षं मी दचकतेय," ही म्हणाली. माझ्या माहितीप्रमाणे एवढ्या हळू आवाजात ती पहिल्यांदाच बोलली. "दुधाची तीन भांडी सांडली, एक बशांचा संच गेला. म्हणून तर मी सारखी बोलत असते. घरात कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या कौतुकाने चालायचात तुम्ही हळू. सांगितलं असतं तर उद्यापासून चालणंच बंद केलं असतंत."

मी छत्तीस वर्षं रबरी तळाचे बूट घालून वाचणाऱ्यांच्या पाठीमागून फिरलो. अनेक जण मान वर करून दचकायचे आणि पुस्तक बंद करून घरी जायचे. ते वाचनात रंगले होते म्हणून दचकले, असं मी समजत होतो.

सहा दिवस उरले होते. बेलीफांनी मला खोकायला शिकवायचं मनावर घेतलं. जिन्यात उभं करून ते म्हणायचे, "पोटातून! पोटातून काढा!" मी खोकलो. ते खिन्नपणे म्हणाले, "ग्रंथपाल, तुमचा खोकला माफी मागितल्यासारखा येतो." हिने माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधला. तो वाजू नये म्हणून माझा हात आपोआप त्याच्यावर जाऊन बसायचा. बोलत बोलत खोलीत जा, असं ही म्हणाली. पण बोलायचं काय? 'मी आलो' असं म्हणणं मला फार ऐटीचं वाटायचं. माझ्या येण्याची घोषणा मी का करावी?

तेव्हा मला एकदम आठवलं की आयुष्यात वर्षातून दहा दिवस मी मोठ्याने बोलत असे. वर्षाअखेरीस वाचनालय बंद ठेवून पुस्तकांची मोजदाद व्हायची. नोंदवही घेऊन मी टेबलाशी उभा, वयस्क शिपाई आतल्या कपाटांशी. प्रत्येक पुस्तकाला एक क्रमांक असतो. मी तो पुकारायचो, आणि शिपाई पुस्तक बघून आतून ओरडायचा, "आहे!" सतरा हजार पुस्तकं. त्या दहा दिवसांत माझा आवाज पार शेवटच्या कपाटापर्यंत जायचा आणि मला त्याचा अजिबात संकोच वाटत नसे, कारण मी माझ्याविषयी काही सांगत नव्हतो.

मी दाराबाहेर उभा राहिलो आणि पुकारलं, "चार हजार तीनशे बारा!"

आतून भांडी घासण्याचा आवाज थांबला. "काय झालं?" ही म्हणाली.

"'आहे' म्हण."

"काय आहे?"

"काहीही. फक्त 'आहे' म्हण."

"आहे!" ही ओरडली, आणि मी खोलीत गेलो. ज्ञानकोशामागून फूत्कार आला नाही. दोन खंडांच्या मधून फाटका कान दिसला. तो माझ्याकडे वळलेला होता.

पंचविसाव्या दिवशी चार हजार तीनशे चाळीसपर्यंत पोचलो तेव्हा ती अर्धी बाहेर आली होती. सत्ताविसाव्या दिवशी मी आत आल्यावरही ती खुर्चीच्या हातावर बसून राहिली. गादी काढली, चकत्या सोलल्या, घड्याळ परत लावलं. एकोणतिसाव्या दिवशी मी चार हजार चारशे सत्तर पुकारून आत आलो, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जांभई दिली. वाचनालयात माझ्यासमोर हजारोंनी जांभया दिल्या असतील. पण ही मी जपून ठेवली आहे.

फक्त एक गोष्ट मी केली नाही. इमारतीला सांगितलं नाही. ज्या लोकांच्या दारात जाऊन शांततेची भीक मागितली, ज्यांची मुलं मागच्या गल्लीत गेली, ज्यांनी माझ्यासाठी चपला हातात घेतल्या, त्यांना आता जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं की हे सगळं उलटं करायला हवं होतं? उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होतो.

तिसाव्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा कानात दडा बसल्यासारखं वाटलं. वरचं यंत्र बंद होतं. सचिवांनी पाण्याचा पंप थांबवला होता. आज मांजरवाल्यांची परीक्षा हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मिळून आम्हाला त्यांच्याजवळ होती नव्हती तेवढी शांतता दिली होती. त्या स्तब्धतेत अकराच्या ठोक्याला, कापडी बुटांतून जरासुद्धा आवाज न करता, व्यवस्थापिकाबाई दारात उभ्या राहिल्या. दार मी हवेसाठी उघडं ठेवलं होतं.

त्या दिसताच मखमल माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उडाली आणि ज्ञानकोशामागे गेली.

बाई बसल्या. अर्ज काढला. टोपली पायाशी ठेवली. "थांबू या थोडं," त्या मऊपणे म्हणाल्या. हिने तोंड उघडलं तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि आमच्या हिने, मुख्याध्यापकांनाही जे कधी जमलं नाही, ते केलं. ती गप्प बसली. दहा मिनिटं गेली. कपाटातून हूं की चूं नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा टाकला आणि टोपलीचं झाकण उघडलं.

मला ती मागची खोली दिसली. मी ती कधी पाहिली नव्हती, तरी दिसली. मी उठलो. दारात जाऊन जिन्यात पाहिलं तर वरपासून खालपर्यंत माणसं कठड्याला टेकून, चपला हातात धरून, श्वास रोखून उभी होती. इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधीच पाहिलं नव्हतं. निरोप समारंभातसुद्धा ती अध्यक्षांकडे बघत होती.

"आवाज करा," मी म्हणालो.

कोणालाच ऐकू गेलं नाही. बेलीफांनी खालून हात हलवला आणि स्वतःच्या पोटावर मारून दाखवलं.

"आवाज करा!" मी ओरडलो. पोटातून. "चुकलं माझं! शांतता नकोय तिला! नेहमीसारखं वागा! कृपा करून आवाज करा!"

आधी बेलीफ खोकले. वर शिंपीणबाई धावत गेली आणि रजई ओढून काढल्याचा आवाज आला, मागोमाग यंत्राची घरघर. चपला जमिनीवर पडल्या. पंप धडधडला. मी वळलो, खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहिलो, आणि परक्या बाईंसमोर, वर्षाअखेरीच्या आवाजात पुकारलं, "चार हजार चारशे एकाहत्तर!"

हिचा आवाज फुटेना. तिचे डोळे भरले होते. पण जिन्यातून, सहा दिवस भिंतीपलीकडून हे नुसतं ऐकलेल्या, पण कशासाठी ते बेलीफांशिवाय कोणालाही माहीत नसलेल्या दहा-बारा गळ्यांतून उत्तर आलं, "आहे!"

व्यवस्थापिकाबाईंच्या हातातून पेन पडलं. आणि दोन खंडांच्या मधून फाटका कान आला, मग डोकं, मग सगळी मखमल. ती अंग ताणत बाहेर आली, जमिनीवर पडलेलं पेन तिने एक पंजा मारून बाजूला केलं, माझ्यापर्यंत चालत आली आणि माझ्या पावलांवर बसली. तिचं वजन मला तोवर ठाऊक नव्हतं. चांगलीच जड आहे.

बाईंनी वाकून पेन उचललं आणि 'अतिशय शांत' या शब्दांवर रेघ मारली. माझ्याविषयी लिहिल्या गेलेल्या चांगल्या शब्दांवर माझ्या डोळ्यांदेखत काट बसली, आणि हलता येत नसल्यामुळे मी ती उभ्या उभ्या पाहिली.

"सगळं ठीक आहे," त्या पानं उलटत म्हणाल्या. "एकच राहिलं. सतरा नंबर. दिवसभर घरात कोणी आहे का? तुम्ही 'बहुधा' लिहिलंय. असा अर्ज मला फायलीला लावता येत नाही."

मी खाली पाहिलं. मखमलीने डोळे मिटले होते.

"आहे!" मी म्हणालो.

सवय नसल्यामुळे ते जरा जास्तच मोठ्याने झालं. मखमलीचा कान तेवढा हलला. ही दचकली नाही. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "कळलं हो! ओरडताय कशाला, बहिरी नाही झाले मी!"